सल्ला : गाडी जोरात चालवायला शिकायचे आहे, पण कोठे?

प्रश्न : माझे वय 29 असून गेली चार वर्षे मी नियमित गाडी चालवतो. अलीकडेच मी आधीच्या गाडीपेक्षा जवळपास दुप्पट ताकदीची, फ्रंट-व्हील ड्राइव्ह ऑटोमॅटिक गाडी घेतली. ती नीट चालवता यावी म्हणून परफॉर्मन्स ड्रायव्हिंगचा अभ्यासक्रम करण्याचे मनात आहे आणि माझ्यापुढे तीन पर्याय आहेत. ‘अ’ हा एका दिवसाचा असून त्यात 5 किलोमीटर लांबीच्या नामांकित सर्किटवर सुपरकारमधून आठ फेऱ्या मारायला मिळतात आणि शेजारी माजी शर्यतपटू बसतो. ‘ब’ दोन दिवसांचा आहे. त्यात गाड्या संस्थेच्याच, पण साध्या. पहिला दिवस मोकळ्या डांबरी मैदानावर कोन (रस्त्यावर ठेवतात ते शंकू) मांडून आणि ओल्या स्किडपॅडवर (गाडी मुद्दाम घसरवून पाहण्याच्या निसरड्या जागेवर), तर दुसरा दिवस छोट्या सर्किटवर जातो. ‘क’ म्हणजे एका मोटार क्लबचा ट्रॅक-डे, म्हणजे सर्किटवर गाडी चालवण्याचा दिवस. गाडी स्वतःची न्यायची, शेजारी क्लबचा स्वयंसेवी प्रशिक्षक असतो. मित्रांचा कल ‘अ’कडे आहे आणि ‘ब’ मलाही थोडा कंटाळवाणा वाटतो. मध्यंतरी पावसात एका वळणावर माझी गाडी सरळ बाहेरच्या बाजूला सरकत गेली. मी स्टीअरिंग आणखी वळवले, पण उपयोग झाला नाही. सुदैवाने समोरून कोणी येत नव्हते. शिवाय मला चष्मा आहे, हेल्मेटमध्ये त्याची अडचण होईल का?
— एक नवशिका चालक

उत्तर : आपण पावसातल्या त्या वळणाचा उल्लेख जाता जाता केला आहे, पण आपल्या प्रश्नाचा निर्णय तेथेच लागतो. आपल्याला आला तो अंडरस्टीअरचा, म्हणजे चाके वळवूनही गाडी पुरेशी न वळण्याचा, अनुभव होता. पुढच्या टायरांकडे त्या ओल्या रस्त्यावर जेवढी पकड होती त्याहून अधिक आपण त्यांच्याकडून मागितली, आणि ती मिळत नाही असे दिसताच स्टीअरिंग आणखी वळवून मागणी वाढवली. बहुतेक माणसे हेच करतात, कारण गाडी वळत नसेल तर चाक अधिक वळवावे असे हातांना आपोआप वाटते. करायचे असते ते नेमके उलटे : अ‍ॅक्सिलरेटर हलकेच सोडून गाडीचा भार पुढच्या चाकांवर येऊ द्यायचा, स्टीअरिंग किंचित सरळ करायचे आणि टायरांनी पुन्हा रस्ता धरला की मगच वळायचे. हे वाचून समजते, पण वाचून येत नाही. त्यासाठी तोच प्रसंग सुरक्षित जागी पुनःपुन्हा घडवून आणावा लागतो आणि प्रत्येक वेळी शेजारच्या माणसाने “आत्ता हात फार वळले” किंवा “आत्ता पाय एकदम सुटला” असे तेथल्या तेथे सांगावे लागते. आपल्या तीन पर्यायांपैकी ही सोय फक्त ‘ब’मध्ये दिसते, म्हणून माझा सल्ला ‘ब’ घ्यावा असा आहे. तो कंटाळवाणा वाटतो हे मला मान्य आहे. जाहिरातीत कोनांची छायाचित्रे कोणालाच आकर्षक दिसत नाहीत.

‘अ’चा हिशेब मांडून पाहा. 5 किलोमीटरच्या सर्किटवर आठ फेऱ्या म्हणजे 40 किलोमीटर. अनोळखी गाडीत आणि अनोळखी वळणांवर आपला सरासरी वेग ताशी 120 किलोमीटर धरला, तरी सगळे मिळून 20 मिनिटे होतात. त्यातली पहिली फेरी ओळखीची आणि शेवटची गाडी थंड करण्याची गेली, तर प्रत्येक वळण आपल्या वाट्याला सहा वेळा येते, आणि दर वेळी आधी कुठे चुकले हे आठवेपर्यंत पुढची चार वळणे निघून गेलेली असतात. सर्किट जितके लांब आणि प्रसिद्ध, तितकी ही अडचण मोठी. जर्मनीतील नूरबर्गरिंग सर्किटच्या नॉर्डश्लाइफ या मार्गाची एक फेरी 20 किलोमीटरहून अधिक आहे. तेथे गाडी चालवण्याचा आनंद मी कोणाला नाकारणार नाही, पण नवशिक्याला एकच वळण पुन्हा भेटायला जेथे दहा-पंधरा मिनिटे लागतात तेथे सुधारणा होणे अवघड असते. दोन किलोमीटरच्या, नाव नसलेल्या सर्किटवर तेच वळण दीड-दोन मिनिटांत परत येते, हाताला चूक आठवत असतानाच.

सुपरकारचा आणखी एक तोटा आहे. तिचे टायर रुंद, ब्रेक मोठे आणि इलेक्ट्रॉनिक मदत तत्पर असते, त्यामुळे नवशिका जेथवर जातो तेथवर ती त्याची चूक पोटात घालते. चूक जाणवायला लागते तेव्हा वेग फार वाढलेला असतो. माफक ताकदीच्या, अरुंद टायरांच्या साध्या गाडीत पकड कमी वेगाला संपते आणि ती संपण्याआधी आवाज, स्टीअरिंगचे हलके होणे, गाडीचे झुकणे अशा सूचना सावकाश मिळत जातात. त्यामुळे ‘ब’मधल्या साध्या गाड्या ही त्या अभ्यासक्रमातील उणीव समजू नये, माझ्या मते ती त्याची जमेची बाजू आहे. ‘अ’ हा एक अनुभव म्हणून कधीतरी जरूर घ्यावा, वाढदिवसाला वगैरे. शिक्षण म्हणून त्याच्याकडे पाहू नये.

शेजारी माजी शर्यतपटू बसणार, हेही आपल्या मित्रांना मोलाचे वाटत असावे. तसे वाटण्यात चूक नाही, पण स्वतः वेगाने चालवता येणे आणि दुसऱ्याला शिकवता येणे या दोन वेगळ्या कला आहेत. अमेरिकन शर्यतपटू बॉब बॉन्ड्युरंट यांचेच उदाहरण घ्या. 1967 साली वॉटकिन्स ग्लेन येथे स्टीअरिंगचा भाग तुटून झालेल्या भीषण अपघातानंतर त्यांनी 1968 मध्ये प्रशिक्षण संस्था काढली आणि ती पुढे अतिशय नावाजली गेली. त्या संस्थेचा गाजलेला एक सराव सर्किटवरचा नव्हताच. समोर तीन मार्गिका, प्रत्येकीवर दिवा. गाडी वेगात जवळ येताच शेवटच्या क्षणी काही दिवे लाल होतात आणि चालकाने हिरव्या दिव्याच्या मार्गिकेत गाडी घालायची किंवा सगळे लाल झाले तर थांबवायची. फॉर्म्युला वनमध्ये उतरलेल्या माणसालाही आपल्या विद्यार्थ्यांसाठी सपाट मैदान आणि कोनच हवे होते, हे ‘ब’ला कंटाळवाणा म्हणण्याआधी ध्यानात घ्यावे.

आता त्या पहिल्या दिवशी काय शिकायला मिळावे, हे सांगतो, म्हणजे संस्थेला फोन करताना आपल्याला काय विचारायचे ते कळेल. सर्वांत आधी ब्रेक. लोकांना वाटते की ब्रेक सर्वांनाच दाबता येतो. प्रत्यक्षात संकटात बहुतेक चालक पेडलवर पाय झटकन नेतात, पण पूर्ण जोर लावत नाहीत. ही गोष्ट लक्षात आल्यावरच मर्सिडीज-बेंझने 1996 साली ब्रेक असिस्ट ही यंत्रणा आणली, जी पेडल किती झपाट्याने दाबले गेले यावरून उरलेला जोर स्वतः लावते. या कसरीचा परिणाम आकड्यांत असा दिसतो : कोरड्या रस्त्यावर चांगल्या टायरांची गाडी ताशी 100 किलोमीटरवरून, ब्रेक पूर्ण दाबल्यास, साधारण 39 ते 40 मीटरांत थांबते. उपलब्ध क्षमतेच्या साठ टक्केच ब्रेक लावणारा दुसरा चालक त्याच ठिकाणी पोहोचतो तेव्हा त्याची गाडी अजून ताशी सुमारे 63 किलोमीटर वेगात असते. पहिला जेथे उभा राहिला, तेथे दुसरा धडकतो. एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत पूर्ण ब्रेक मारला की पेडल पायाखाली थरथरते आणि खरखर आवाज येतो. ज्याने हे कधी अनुभवले नाही तो काहीतरी मोडले असे समजून नेमक्या त्या क्षणी पाय उचलतो. म्हणून सरळ रेषेत ताशी 50, मग 70, मग 90 असा वेग वाढवत दहा-बारा वेळा पूर्ण ब्रेक, त्यानंतर पूर्ण ब्रेक दाबून ठेवूनच अडथळ्याच्या बाजूने गाडी वळवणे, हा सराव ज्या अभ्यासक्रमात नाही तो नवशिक्याने घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यानंतर नजर. चालक जेथे पाहतो तेथे गाडी जाते, आणि घाबरलेला चालक जे चुकवायचे आहे त्याच्याकडेच पाहत राहतो. चांगला प्रशिक्षक पहिल्या तासात स्टीअरिंगपेक्षा आपल्या डोळ्यांबद्दल अधिक बोलेल : ब्रेक मारण्याच्या खुणेवर पोहोचायच्या आत नजर वळणाच्या आतल्या बिंदूवर, त्या बिंदूवर पोहोचायच्या आत नजर बाहेर पडण्याच्या जागेवर. हे ऐकायला सोपे वाटते आणि करताना मान अक्षरशः वळवावी लागते. स्किडपॅडवर गाडीची मागची बाजू निसटते तेव्हाही हेच उपयोगी पडते. जायचे आहे तिकडे पाहत राहिले तर हात बहुधा योग्य दिशेने फिरतात. अवघड जाते ते पुढचे, म्हणजे मागची बाजू परत येऊ लागताच स्टीअरिंग वेळेवर सरळ करणे. ते उशिरा केले की गाडी दुसऱ्या बाजूला पहिल्यापेक्षा जोरात फेकली जाते, आणि बरेच अपघात या दुसऱ्या झटक्यात होतात.

बसण्याची जागा, म्हणजे पाठ टेकलेली असताना मनगट स्टीअरिंगच्या वरच्या कडेवर टेकावे आणि ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहावा, एवढे पाच मिनिटांत होते. वर्गातल्या व्याख्यानातून एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या : टायरची पकड एकच असते आणि ती ब्रेक मारणे व वळणे यांत वाटली जाते. सगळी ब्रेकला दिली तर वळायला उरत नाही. हे उमजले की वळणाआधी ब्रेक का संपवायचा, आणि पुढे सराव झाल्यावर वळणात शिरताना तो हळूहळू का सोडत न्यायचा, हे वेगळे पाठ करावे लागत नाही.

‘ब’सारखा प्रत्येक अभ्यासक्रम चांगला असेलच असे नाही, म्हणून पैसे भरण्याआधी काही गोष्टी विचाराव्यात. एका प्रशिक्षकामागे किती विद्यार्थी आणि एका गाडीमागे किती? सहा तासांच्या दिवसात एका गाडीवर चार जण असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला जास्तीत जास्त दीड तास येतो, तोही जेवणखाण आणि गाडी बदलण्यातला वेळ न धरता. थांबलेल्यांनी तेवढा वेळ नुसते उभे राहायचे की मागच्या सीटवर बसून दुसऱ्याच्या चुका पाहायच्या, हेही विचारा. दुसरे उत्तर मिळाले तर संस्था विचार करून शिकवते असे समजावे. सर्किटवरच्या दिवशी प्रशिक्षक शेजारी बसतो, की तो पुढच्या गाडीत आणि विद्यार्थ्यांच्या गाड्या रांगेने मागे? रांगेच्या पद्धतीत पुढच्या गाडीची रेषा पाहून बरेच शिकता येते, पण ते फक्त तिच्या लगेच मागे असणाऱ्याला. तिसऱ्या-चौथ्या गाडीतला विद्यार्थी आपल्यासारख्याच दुसऱ्या नवशिक्याच्या चुका गिरवत असतो. त्यामुळे दर एक-दोन फेऱ्यांनी क्रम बदलतात का आणि प्रशिक्षक रेडिओवरून बोलतो का, हे विचारणे आवश्यक आहे. नवशिक्यांच्या गटात फेरीची वेळ मोजली जात असेल तर मी तेथे जाणार नाही. घड्याळ लागले की शिकणे थांबते आणि शर्यत सुरू होते. पाऊस आला तर काय, या प्रश्नाला “रद्द करू” याऐवजी “उलट बरे, वेग कमी ठेवून चालू ठेवू” असे उत्तर मिळाले तर आनंद मानावा. आपली अडचण पावसातलीच होती.

अभ्यासक्रमाचा सूर कसा आहे, याकडेही लक्ष द्या, आणि याला कारण आहे. नॉर्वेने 1979 साली नव्या चालकांना निसरड्या रस्त्यावर गाडी सावरण्याचे प्रशिक्षण सक्तीचे केले, आणि नंतरच्या अभ्यासात तरुण पुरुषांच्या बाबतीत अपघात घटण्याऐवजी वाढल्याचे दिसून आले. मैदानावर एक-दोनदा गाडी सावरली की रस्त्यावरही सावरता येईल असा विश्वास येतो, आणि तो कौशल्याच्या किती तरी पुढे धावतो. पुढे नॉर्डिक देशांतील प्रशिक्षणाचा रोख घसरलेली गाडी सावरण्याकडून धोका आधीच ओळखून टाळण्याकडे वळला. म्हणून “दोन दिवसांत कोणत्याही परिस्थितीत गाडीवर ताबा” असे सांगणाऱ्या संस्थेपेक्षा, ओल्या डांबरावर ताशी 5 किलोमीटरचा फरक पडला की तीच गाडी सावरता येत नाही हे आपल्याला स्वतः करून पाहायला लावणारी संस्था निवडा. आपले वय आणि आपली नवी गाडी पाहता हा मुद्दा मी मुद्दाम लांबवला आहे.

‘क’ मी फेटाळत नाही. तो दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो. ‘ब’नंतर काही महिन्यांनी, शिकलेले अंगवळणी पडल्यावर, आपल्याच गाडीतून क्लबच्या ट्रॅक-डेला जाणे फार उपयुक्त ठरेल. चांगल्या क्लबांत नवशिक्यांचा गट वेगळा असतो, मागे टाकणे फक्त सरळ पट्ट्यांवर आणि पुढच्याने हाताने इशारा केल्यावरच होते, आणि सकाळच्या सभेत पिवळा, लाल, काळा व निळा झेंडा दिसल्यावर काय करायचे हे सक्तीने समजावले जाते. अडचणी दोन आहेत. स्वयंसेवी प्रशिक्षकांत कोणी उत्तम शिक्षक असतो तर कोणी केवळ हौशी, आणि आपल्या वाट्याला कोण येईल हे आधी सांगता येत नाही. शेजारचा माणूस पहिल्याच सत्रात “अजून जोरात” म्हणू लागला तर आयोजकांकडे प्रशिक्षक बदलून मागण्यात संकोच करू नये. दुसरी अडचण गाडीची. सुमारे 1,500 किलो वजनाची गाडी ताशी 150 वरून 60 वर आणताना ब्रेकमध्ये जी उष्णता निर्माण होते, ती तीन लिटरभर थंड पाणी उकळीपर्यंत नेण्याइतकी असते, आणि सर्किटवर हे एका फेरीत अनेकदा घडते. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषते. नव्या डॉट 4 (ब्रेक ऑइलची एक प्रमाणित प्रत) ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सियस असावा लागतो, पण पाणी मुरलेल्या ऑइलसाठी हीच किमान मर्यादा 155 अंश आहे. ऑइल उकळले की त्यात वाफ होते आणि पेडल थेट तळाशी जाते. म्हणून ‘क’ला जाण्याआधी ब्रेक ऑइल नवे घालून घ्यावे, पॅड निम्म्याहून अधिक शिल्लक असावेत, टायर जुने किंवा कडक झालेले नसावेत, आणि प्रत्येक सत्राची शेवटची फेरी ब्रेक न तापवता सावकाश मारावी. आल्यावर हँडब्रेक लावून गाडी उभी करू नये, गिअर ‘पार्क’मध्ये ठेवावा. वैयक्तिक मोटार विम्यांत सर्किटवरील वापर बहुधा वगळलेला असतो. पॉलिसीतील ते कलम वाचूनच गाडी न्यावी. ‘ब’मध्ये गाडी संस्थेची असली तरी नुकसान झाल्यास आपली जबाबदारी किती रकमेपर्यंत, हे लेखी घ्यावे.

आपली गाडी ऑटोमॅटिक आहे, म्हणून संस्थेच्या गाड्याही ऑटोमॅटिक मिळतात का ते पाहा. मॅन्युअल गिअरची हौस असेल तर ती वेगळी भागवा. ब्रेक, नजर आणि स्टीअरिंग एकदम शिकत असताना क्लचची भर पडली की यांपैकी एकही धड होत नाही. स्टॅबिलिटी कंट्रोल (घसरणारी गाडी स्वतः सावरू पाहणारी यंत्रणा) स्किडपॅडवर प्रशिक्षकाच्या सूचनेने बंद करून फरक जरूर अनुभवावा, पण सर्किटवर ते पहिल्या दोन-चार वेळी चालूच ठेवावे. डॅशबोर्डवर त्याचा दिवा लुकलुकला की ते आपल्या चुकीची नोंद देत असते. कोणत्या वळणावर लुकलुकला ते प्रशिक्षकाला सांगा.

राहता राहिला चष्मा. त्याची अडचण होत नाही, फक्त हेल्मेट निवडताना काळजी घ्यावी लागते. संस्था हेल्मेट पुरवत असेल तर आधी सांगून ठेवा आणि समोरचा भाग उघडा असलेले किंवा डोळ्यांपाशी रुंद खाच असलेले मागा. चष्म्याच्या काड्या सरळ आणि पातळ असाव्यात, कारण कानामागे वळणाऱ्या जाड काड्या अस्तराखाली दाबल्या जाऊन अर्ध्या तासात डोके दुखू लागते. हेल्मेट आधी घालायचे आणि चष्मा नंतर सरकवायचा. पुढे ‘क’साठी स्वतःचे घ्यायचे झाले तर मोटारसायकलचे घेऊ नका. हेल्मेटची मानके ठरवणाऱ्या स्नेल संस्थेच्या मानकांत मोटारसायकलसाठी ‘एम’ आणि मोटार शर्यतीसाठी ‘एसए’ अशी वेगळी वर्गवारी आहे. ‘एसए’मध्ये अस्तर आग किती सहन करते आणि गाडीतल्या पोलादी सांगाड्यावर डोके आदळल्यास काय होते, याही चाचण्या असतात, आणि अनेक आयोजक तेवढेच चालवून घेतात. अंकांनी लिहिलेले वर्षही पाहून घ्या, जसे एसए 2020; आयोजक सहसा अलीकडच्या एक-दोन आवृत्त्याच मान्य करतात.